पोरांच्या हातची गाडी

मानवतच्या बाजारात खेळण्यांचे दुकान लागले म्हणजे त्याच्याभोवती आईबापांची गर्दी उडते. सेल घातला की पळणारी मोटार, बटण दाबले की भुंकणारे कुत्रे, दिवे लावीत गरगर फिरणारे विमान! बाप कापूस घालून आलेला असतो, खिशात चार पैसे असतात, आणि पोर तर हट्टाला पेटलेले. मोटार घरी येते. दोन दिवस पळते, तिसऱ्या दिवशी थांबते. मग पोर काय करते? दगड घेऊन ती फोडते. का फोडते? आत काय आहे ते पाहावे म्हणून. आणि बाप काय करतो? पोराच्या पाठीत धपाटा घालतो. वाचकहो, त्या घडीला त्या घरात विज्ञानाची शाळा उघडत होती. ती बापाने एका धपाट्यात बंद केली. असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या लहानपणी असली दुकाने नव्हती, आणि असती तरी आम्हांस कोण घेऊन देणार होते? ज्वारीची काढणी झाली की चिपाडे मिळत. त्यांची साल सोलावी, आतला मऊ गर निराळा ठेवावा, सालीच्या कामट्या त्या गरात खोचाव्या आणि गाडी उभी करावी. फाटक्या चपलेच्या रबराची चाके कापावी, खराट्याची काडी आख म्हणून घालावी. कागदाचे भिरभिरे करावे, त्याला बाभळीचा काटा टोचावा आणि तो काटा चिपाडाच्या गरात बसवून वाऱ्याकडे तोंड करून धावत सुटावे. पैशाचे काम नाही, दुकानदाराचे उपकार नाहीत.

पण ही गाडी पहिल्याच दमात चालत नसे. चाकाचे भोक मध्यावर पडले नाही तर गाडी लंगडे. आख घट्ट बसला तर चाक फिरेना. सैल बसला तर चाक वाटेत राही आणि गाडी पुढे जाई. अशा वेळी पोर काय म्हणे? कोणी करणी केली म्हणे काय? शेजारणीची नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळी काय? ते गाडी उलटी करून पाही. भोक सरकवी, आखाला तेलाचे बोट लावी, पुन्हा ओढून पाही. बिघाडाचे कारण त्या वस्तूतच असते, शोधले तर सापडते, आणि सापडले तर बहुधा दुरुस्त करता येते, एवढी गोष्ट त्या पोराच्या हाडात मुरे. विज्ञान विज्ञान म्हणून ज्याचा गाजावाजा होतो ते मुळात हेच. सूत्रे आणि व्याख्या मागाहून येतात.

हे आम्ही मानवतच्याच वाचकांपुढे मांडतो, त्याला कारण आहे. ते कारण काढले म्हणजे मानवतकरांस वाईट वाटते आणि वाटणे रास्तही आहे. तरी काढणे भाग आहे. १९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या आरंभापर्यंत या गावाच्या शिवारात मुली व बायका यांचे एकामागून एक खून पडले. पुरलेले धन हाती लागावे आणि पोटी मूल यावे म्हणून हे बळी दिले गेले, असे पोलिसांनी कोर्टापुढे मांडले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोण सुटले आणि कोणाला फाशी झाली हा विषय निराळा. आम्हांस त्यातली एकच गोष्ट छळते. मूल होत नाही याचे कारण शरीरात असेल, धन मिळत नाही याचे कारण ते तेथे पुरलेलेच नसेल, इतका साधा विचार ज्यांच्या डोक्याला शिवला नाही अशी माणसे आमच्यातच वाढली. गाडी उलटी करून आख पाहण्याऐवजी ती शेजाऱ्याच्या पोरीच्या गळ्याकडे पाहू लागली. सारे गाव काही असे नव्हते. उलट सारे गाव भीतीने गारठले होते, संध्याकाळी पोरीबाळींस दाराबाहेर सोडीत नव्हते. पण नाव बदनाम झाले ते गावाचे.

त्याच १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच साली मोठा दुष्काळ पडला. म्हणजे विद्यापीठही आले, दुष्काळही आला आणि नरबळीही आले, सगळे एकाच साली, एकाच जिल्ह्यात! विद्यापीठाने पुढे पुष्कळ चांगले काम केले, आम्ही ते नाकारीत नाही. पण मोठ्या दगडी इमारतीत विज्ञान येऊन बसले म्हणजे ते चार कोसांवरच्या वस्तीत आपल्या पायांनी चालत जाते, अशी जी आपल्या पुढाऱ्यांची समजूत आहे ती खोटी आहे.

आता १९७२ सालचीच आणखी एक हकीकत सांगतो. ती आपल्या प्रांताबाहेरची आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याचे नाव पुढे नर्मदापुरम झाले, तेथे त्या साली सोळा खेड्यांतल्या शाळांत एक प्रयोग सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी तो हाती घेतला. विज्ञान पाठ करावयाचे नाही, करून पाहावयाचे, आणि जे दिसले ते पोराने आपल्या शब्दांत वहीत लिहावयाचे, एवढाच त्याचा मंत्र. पुढे तो शेकडो शाळांत पसरला, आणि २००२ साली तेथील सरकारने बंद केला. सरकारे काय, उघडतात आणि बंद करतात. पण त्या प्रयोगातून एक मनुष्य महाराष्ट्राच्या वाट्यास आला, त्याचे नाव अरविंद गुप्ता.

हे गृहस्थ कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली इंजिनियर होऊन पुण्यास टेल्कोच्या कारखान्यात ट्रक बनविण्याच्या कामावर लागले. १९७८ साली रजा काढून होशंगाबादेस गेले आणि तेथे खेड्याच्या बाजारात काय स्वस्त मिळते ते धुंडाळू लागले. त्यांस काय सापडले? सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या. नळीचे तुकडे करावे, त्यांत काड्या खोचाव्या, की सांधे तयार. पुढे त्यांनी फुकट गेलेल्या वस्तूंपासून शेकडो खेळणी केली, पुण्यास आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात २०१४ पर्यंत पोरांबरोबर बसून काम केले, आणि ही सर्व विद्या पुस्तकांतून व चित्रफितींतून सर्वांस फुकट दिली. २०१८ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. ज्याला मोठ्या पगारावर ट्रक बनविता आले असते त्याने आयुष्यभर काड्या आणि नळ्या जोडल्या, हे आम्हांस पदवीपेक्षा मोठे वाटते.

त्या काड्यांचेच पाहा. चार काड्यांचा चौकोन करून टोकावर बोट दाबा. तो कलंडतो, वाकडा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबा. तो हलत नाही. पोर लगेच विचारते, असे का? उत्तर पाठ करून देऊ नका. त्याला मानवतच्या एखाद्या जिनिंगच्या शेडमध्ये न्या आणि मान वर करावयास सांगा. पत्र्याखाली ज्या लोखंडी कैच्या आहेत त्यांत किती त्रिकोण आहेत ते मोजू द्या. त्याने आयुष्यात कधी भूमितीचे पुस्तक उघडले नाही तरी त्रिकोण का लावतात हे ते विसरणार नाही, आणि उद्या स्वतःच्या गोठ्याचे छप्पर घालताना आडव्या-उभ्या लाकडांवर न भागवता एक तिरपे लाकूड आठवणीने ठोकील.

दुसरे खेळणे पाण्याचे. हातभर लांबीची प्लॅस्टिकची सरळ नळी पाण्याने भरलेल्या बादलीत उभी धरावी. एका हाताने ती खालीवर करावी आणि दुसऱ्या हाताचा तळवा वरच्या तोंडावर ठेवावा. नळी वर जाताना तळवा दाबून धरावयाचा, खाली जाताना उचलावयाचा. चार-सहा हेलकाव्यांत वरून पाणी उडू लागते. नळी वर येताना तिच्याबरोबर पाणी वर येते. नळी झटक्याने खाली जाते तेव्हा पाणी आपल्या जडपणामुळे तिच्याइतक्या लवकर खाली जात नाही. असे करीत करीत ते तोंडापर्यंत चढते. येथे पोराचा तळवा हीच झडप. गावच्या हापशात रबराची किंवा चामड्याची झडप असते. रचना दोहोंची निराळी, पण झडपेचे काम एकच: एका वेळी वाट द्यावयाची आणि दुसऱ्या वेळी अडवावयाची. पुढे देशभर गेलेल्या ‘इंडिया मार्क टू’ या हापशाचे पूर्वज जालन्यास आणि सोलापुरास मिशनच्या कार्यशाळांत घडले होते, हे आमच्या किती मास्तरांनी आमच्या पोरांस सांगितले? जालना तर आपल्या शेजारचे! ज्या हापशावर आमच्या आयाबहिणींचे हात झिजले त्याचे पोट उघडून दाखविण्याचा पाठ कोणत्याही इयत्तेत आम्ही पाहिला नाही.

तिसरे खेळणे विजेचे, आणि ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. एक मोठा सेल घ्यावा. त्याच्या दोन टोकांस दोन सेफ्टी पिना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळाव्या. लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे दहा वेढे घेऊन वेटोळे करावे आणि त्याची दोन टोके समोरासमोर बाहेर काढावी. एका टोकावरील लेप पुरता खरवडावा, दुसऱ्या टोकावरील फक्त एका अंगाचा. ही टोके पिनांच्या भोकांत टेकवावी, सेलवर जुन्या लाउडस्पीकरमधील चुंबक ठेवावा आणि वेटोळ्यास बोटाने टिचकी द्यावी. वेटोळे भिरभिरू लागते. तारेतून वीज गेली की वेटोळे स्वतः चुंबकासारखे वागते आणि खालचा चुंबक त्याला फिरवतो. वीज सारखी चालू राहिली असती तर ते एका जागी येऊन अडले असते. पण लेपाची बाजू आली की वीज तुटते, वेटोळे आपल्याच वेगाने पुढे सरकते, आणि वीज पुन्हा जुळते. पुष्कळ पोरे उत्साहाच्या भरात दोन्ही टोके पुरती खरवडतात. मग वेटोळे नुसते थरथरते. थरथरू द्या! का थरथरते ते त्याला शोधू द्या; तोच खरा पाठ आहे. एवढे मात्र सांभाळा, की वेटोळे अडले असता सेल तापतो, तेव्हा ते लगेच काढावे; आणि घरातल्या विजेच्या बटणाला या खेळात पोराचा हात लागू देऊ नये.

या खेळण्याचे महत्त्व आमच्या शेतकरी बांधवांस निराळे सांगावयास नको. रात्री-अपरात्री थ्री फेज येते, विहिरीवरची मोटर चालू करावी तो ती गुंगावते, जळते, आणि ऐन भिजवणीत हजारो रुपये रिवायंडिंगवाल्याच्या दुकानात मोजावे लागतात. त्या मोटरीत कायमचा चुंबक नसतो, तिची रचना पोराच्या खेळण्याहून निराळी. पण तारेच्या वेढ्यांतून वीज वाहिली की चुंबकत्व येते हे दोहोंचे मूळ एक. शेतकऱ्याचे पोर दहावीला ते लिहून मार्क मिळविते आणि बांधावर येऊन जळक्या मोटरीकडे बापाइतक्याच कोऱ्या तोंडाने पाहते. पुस्तकातली वीज आणि विहिरीवरची वीज एकच आहे हे त्याला कोणी सांगितलेच नाही! त्याच रिवायंडिंगच्या दुकानात तारेचे तुकडे पडलेले असतात. मागितले तर तो कारागीर मूठभर तुकडे देईल, आणि वेळ असला तर दोन गोष्टी सांगेलही. त्याला मास्तर म्हणावयास कोणाची हरकत असावी असे आम्हांस वाटत नाही.

पण हरकत असते, आणि तेथेच सारे घोडे पेंड खाते. आमच्या समाजात हाताने काम करणारा तो अडाणी आणि तोंडाने बोलणारा तो शहाणा, ही वाटणी फार जुनी आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवीत ते जुन्या मंडळींस आठवत असेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान करावयाची, गोवऱ्यांच्या आरात लाल तापवावयाची, फुगून मोठी झाली की सांडशींनी उचलून चाकावर बसवावयाची आणि वरून पाणी ओतावयाचे. धाव आकसते आणि तुंब्यापासून आऱ्यांपर्यंत सारे चाक करकचून आवळते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे लोहारसुतारांनी किती पिढ्या हातांत वागविले! आणि शाळेत त्याच गोष्टीसाठी पितळेचा गोळा आणि कडे विकत आणतात. एका शाळेत आम्ही तो गोळा पाहण्यास मागितला, तर तो कपाटात होता, कपाटास कुलूप होते, आणि किल्ली ज्या गुरुजींपाशी होती ते रजेवर होते. लोहाराचा पोर त्या वर्गात बाकावर बसून प्रसरणाची व्याख्या पाठ करीत होता आणि ती त्याला येत नव्हती. याला काय म्हणावे? ज्याच्या आज्याने ते ज्ञान हातोड्याखाली घडविले त्याचाच नातू त्यात नापास!

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले त्यात शेतकऱ्यांचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो ही तक्रार तर होतीच. पण प्राथमिक शाळेत लिहिण्या-वाचण्याबरोबर हिशेब, शेतीचे व आरोग्याचे ज्ञान द्यावे, ही मागणीही होती. पुढे शाळा आल्या, निजामी अमलात मराठवाड्यात त्या उर्दूतून आल्या, १९४८ नंतर मराठीतून आल्या. आता इंग्रजीतूनही येत आहेत. भाषा दोनदा बदलली. हात मात्र अजून शाळेबाहेरच उभा आहे.

विलायतेत कोणी काय केले हे सांगितल्याखेरीज आमच्या काही मित्रांचा विश्वास बसत नाही, म्हणून दोन दाखले देतो. विजेच्या विद्येचा आद्य पुरुष मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. त्याने १८२१ साली चुंबकाभोवती तार फिरवून दाखविली, १८३१ साली चुंबकापासून वीज काढली, आणि मोठा झाल्यावर मुलांस बोलावून एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. दुसरे, अमेरिकेतील राइट बंधू. त्यांच्या बापाने १८७८ साली एक खेळणे आणले. बूच, वेळू, कागद यांचे केलेले, आणि पीळ दिलेल्या रबराने छतापर्यंत उडणारे. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा सात वर्षांचा. खेळणे मोडले तेव्हा त्यांनी तसेच दुसरे केले, मग त्याहून मोठे केले, आणि मोठे नीट उडत नाही हे पाहून बुचकळ्यात पडले. तेच पुढे सायकली दुरुस्त करता करता १९०३ साली विमानातून उडाले. बापाने धपाटा घातला असता तर?

आता आमच्याकडील विज्ञान प्रदर्शने पाहा. प्रदर्शनाची तारीख लागली की बाप स्टेशनरीच्या दुकानात धावतो आणि तयार ‘प्रकल्प’ विकत आणतो. थर्मोकोलचा ज्वालामुखी, थर्मोकोलचे धरण, थर्मोकोलचे गाव! पोर शेजारी उभे राहून पाठ केलेली चार वाक्ये म्हणते, पाहुणे माना डोलावतात, बक्षीस मिळते. पूर्वी दक्षिणा देऊन मंत्र म्हणवून घेत. हे त्याहून काय निराळे आहे? मंत्राचा अर्थ यजमानास ठाऊक नाही आणि प्रकल्पाचा पोरास. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात खेळण्यांतून शिक्षणाचा उल्लेख आला आहे, ही गोष्ट चांगली. पण त्या नावाखाली उद्या दुकानदारांच्या तयार पेट्या शाळांत येतील, त्यांस कपाटे मिळतील आणि कपाटांस कुलुपे, अशी आमची भीती आहे.

कोणी म्हणेल, शिक्षकांवर कामाचे ओझे किती! खरे आहे. जनगणना, निवडणूक, नाना प्रकारची माहिती भरणे यांतून त्यांस श्वास घेण्यास फुरसत नाही. आम्ही त्यांस दोष देत नाही. पण आठवड्यातून एक तास कपाट न उघडता, पैसा न मागता हे करता येते. कोणी म्हणेल, विज्ञानाची पदवी घेतलेलेही नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात, मग खेळण्याने काय होणार? हेही खरे आहे, आणि त्याचे कारण आम्हांस असे दिसते की त्यांनी पदवी घेतली, पण उलटी करून पाहिलेली गाडी त्यांच्या वाट्यास आलीच नाही. खेळणे म्हणजे अंधश्रद्धेवरची जडीबुटी आहे असा दावा आम्ही करीत नाही. तसा केला तर आम्हीही बुवाच ठरू. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच साली जादूटोणाविरोधी कायदा आला. तो हवाच होता. पण कायदा बहुतेक वेळा खड्डा खणल्यावर आणि लिंबू कापल्यावर धावत येतो. पोराला कारण शोधण्याची खोड सातव्या वर्षी लागली पाहिजे, आणि ती लावणे फौजदाराचे काम नव्हे.

आणखी एक, आणि ते आम्ही ठासून सांगणार. ही खेळणी करावयास मुलांस बसवाल आणि मुलींस भांडी घासावयास पाठवाल तर सगळे व्यर्थ आहे. कात्री, पक्कड आणि तार मुलीच्या हाती आधी द्या. १९७२ ते १९७४ या सालांत या शिवारात कोणाचे रक्त सांडले ते आठवा. शिवणाचे मशीन अडले तर आज घरोघर बायका रीळ काढून, सुई बदलून, तेल घालून ते चालू करतात. त्या विद्येला कोणी विद्या म्हणत नाही एवढेच. त्यांच्या लेकींनी सेलवरची मोटर फिरविली तर आश्चर्य ते काय?

लागणारे सामान सांगतो: एक कात्री, एक पक्कड, जाड सुई, आगपेट्या, सायकलच्या दुकानातील फाटकी ट्यूब आणि व्हॉल्व्हची नळी, दोन सेल, पाच-सहा सेफ्टी पिना, रिवायंडिंगवाल्याकडील तार, निकामी स्पीकरचा चुंबक, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि त्यांची झाकणे. दवाखान्यातील वापरलेल्या सिरिंजा मात्र कोणी गोळा करू नयेत, त्यांतून रोग होतात. लागलीच तर औषधाच्या दुकानातून नवी, सुईवाचून घ्यावी. हे सारे एका पोत्यात मावते. पोते वर्गाच्या कोपऱ्यात ठेवावे आणि त्याचे तोंड बांधू नये.

पुढील अंकी मेणबत्तीवर चालणाऱ्या पत्र्याच्या पुकपुक बोटीची कृती देऊ. मानवत, पाथरी, सेलू या भागांतील ज्या शाळांत वरील तिघांपैकी एखादे खेळणे मुलांनी स्वतः केले असेल त्यांनी आम्हांस कळवावे. चालले असेल तर कसे चालले ते लिहावे, आणि चालले नसेल तर काय काय करून पाहिले ते अवश्य लिहावे. ते आधी छापू.